छायाचित्रांतील रंगीत किनार

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथील मंदिराचा खालचा भाग काळ्या पाषाणाचा, कोरीव कामानें भरलेला आणि यादवकालीन म्हणून ओळखला जाणारा आहे; वरचें शिखर उत्तरकालीन जीर्णोद्धारांतील असून फिकट रंगाचें आहे. या जीर्णोद्धाराचें श्रेय अहिल्याबाई होळकर यांना दिलें जातें. महाराष्ट्रांतील परंपरा या स्थानाची गणना बारा ज्योतिर्लिंगांत करते, त्यामुळें येथें यात्रेकरूंची वर्दळ सदैव असते. आणि निराळा कॅमेरा जवळ नसला, तरी खिशांत मोबाइल बहुतेकांच्या असतोच. अशा एखाद्या यात्रेकरूनें स्वच्छ उन्हांत, मागें लखलखीत आकाश असतांना, काळ्या दगडाच्या कंगोऱ्याचें छायाचित्र घेतलें व घरीं आल्यावर संगणकाच्या पडद्यावर तें मोठें करून पाहिलें, तर पुष्कळदां एक चमत्कारिक गोष्ट त्याच्या दृष्टीस पडते. जेथें काळा दगड संपतो व आकाश सुरू होतें, नेमक्या त्या रेषेवर जांभळ्या रंगाची बारीक किनार उमटलेली असते. चित्राच्या कोपऱ्याजवळ आलेल्या मूर्तीच्या एका अंगाला तांबडी व दुसऱ्या अंगाला हिरवट निळी छटा दिसते. हा रंग दगडाला नाहीं आणि आकाशालाहि नाहीं. मग तो आला कोठून?

कोणी म्हणतो, कॅमेरा स्वस्तांतला होता. कोणी म्हणतो, भिंगावर धूळ बसली असेल. कोणी छपाईला दोष देतो. यांपैकीं कोणतेंच कारण मुळाशीं जात नाहीं. उत्तमोत्तम भिंगें बनविणारे कारखानेहि ज्याच्याशीं झगडत आले, असा हा दोष आहे, आणि शास्त्रीय परिभाषेंत त्याला वर्णविपथन म्हणतात. तो समजून घेण्याची गरज केवळ हौसेपुरती नाहीं. उन्हापावसानें झिजत जाणाऱ्या जुन्या शिल्पांचीं छायाचित्रें हा पुढील अभ्यासकांचा आधार असतो. मूर्तीच्या भुवईपाशीं दिसणारी तांबूस रेघ म्हणजे जुन्या शेंदराचा अवशेष, कीं भिंगानें निर्माण केलेला आभास, हें ज्याला ओळखतां येत नाहीं, तो नसलेला शेंदूर असलेला ठरवील. किंवा उलटपक्षीं, चित्र स्वच्छ करण्याच्या नादांत खरा शेंदूर पुसून टाकील.

या दोषाचें मूळ प्रकाशाच्या स्वभावांत आहे. पांढरा दिसणारा सूर्यप्रकाश हा अनेक रंगांच्या किरणांचा समुदाय आहे, हें न्यूटननें १६६६ सालच्या सुमारास हातीं घेतलेल्या लोलकाच्या प्रयोगांनीं दाखविलें. हवेंतून कांचेंत शिरतांना आणि कांचेंतून बाहेर पडतांना किरण आपली दिशा बदलतो. यालाच वक्रीभवन म्हणतात. परंतु सर्व रंगांचे किरण सारखे वळत नाहींत. जांभळा सर्वांत अधिक वळतो, तांबडा सर्वांत कमी. भिंगांसाठीं नेहमीं वापरल्या जाणाऱ्या एका क्राउन कांचेचा वक्रीभवनांक तांबड्या प्रकाशाला १.५१४, तर निळ्या प्रकाशाला १.५२२ असतो. फरक पाहावयास गेलें तर अवघा ०.००८ चा, पण सारा अनर्थ तेवढ्यानेंच होतो. भिंग म्हणजे तरी काय? वर्तुळाकार मांडलेल्या असंख्य लहान लोलकांचा तो समूहच होय. लोलक जें करतो तेंच भिंगहि करतें. मात्र लोलकानें पाडलेले रंग डोळ्यांत भरतात आणि भिंगानें पाडलेले चित्राच्या कडांत दडून राहतात.

या एकाच कारणाचे परिणाम दोन प्रकारांनीं प्रकट होतात. पहिल्या प्रकारांत निरनिराळ्या रंगांचे किरण भिंगापासून निरनिराळ्या अंतरावर एकत्र येतात. एका दिंडींतील वारकरी एकाच मुक्कामाला निघावेत, परंतु कोणी अलीकडच्या गांवीं थांबावें व कोणी पलीकडच्या, तशीच ही स्थिति. वर सांगितलेल्या क्राउन कांचेचें एकच साधें भिंग घेतलें व त्याचें केंद्रांतर १०० मिलिमीटर असलें, तर निळ्या व तांबड्या किरणांच्या मुक्कामांत सुमारे दीड मिलिमीटरचें अंतर पडतें. एक रंग रेखीव उमटला कीं दुसरा पसरट होतो, आणि त्या पसरटपणाचें वलय कडेबाहेर डोकावतें. दृष्टि जेथें स्थिर केली असेल त्याच्या अलीकडील वस्तूंना जांभळट व पलीकडील वस्तूंना हिरवट किनार येते, ती यामुळेंच. हा प्रकार चित्रांत कोठेंहि, अगदीं मध्यभागींहि, आढळतो.

दुसऱ्या प्रकारांत सर्व रंगांचीं चित्रें एकाच अंतरावर रेखीव उमटतात, पण त्यांचे आकार सारखे नसतात. जुन्या रंगीत शिळाछापांत एका रंगाची शिळा किंचित सरकली, म्हणजे देवतेच्या मुकुटाबाहेर तांबडी रेघ येत असे, तें पुष्कळांनीं पाहिलें असेल. येथें शिळा सरकत नाहीं, ती किंचित मोठी होते. म्हणून चित्राच्या मध्यभागीं दोष शून्य असतो व कोपऱ्याकडे तो वाढत जातो. तांबडें चित्र निळ्यापेक्षां हजारांत एका भागानें मोठें आहे असें धरलें, तर ६००० × ४००० पिक्सेलांच्या छायाचित्राच्या कोपऱ्यांत दोन्ही रंग एकमेकांपासून सुमारे साडेतीन पिक्सेल दूर जातात. तें छायाचित्र सहा इंच रुंद छापलें, तर हें अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनहि कमी भरतें व कोणाच्या लक्षांत येत नाहीं. वीस इंच रुंद छापून भिंतीवर लावलें, तर तें सुमारे तीन दशांश मिलिमीटर होतें व जवळून पाहणाऱ्यास खुपतें. घरगुती संग्रहांतील लहान चित्रांबाबत फारशी चिंता करण्याचें कारण नाहीं, हें यावरून दिसून येईल.

या दोहोंच्या जोडीला डिजिटल कॅमेऱ्याची स्वतःची एक भर आहे. चित्र ज्यावर उमटतें त्या संवेदकाचे सूक्ष्म भाग स्वतः रंग ओळखत नाहींत. त्यांवर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी बसविलेली असते. कोडॅक कंपनींतील ब्राइस बायर यांच्या नांवानें ही रचना ओळखली जाते व तिचें पेटंट १९७६ सालचें आहे. तींत निम्मे भाग हिरवे, पाव तांबडे व पाव निळे असतात, आणि प्रत्येक ठिकाणीं न मोजलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अनुमानानें भरले जातात. जेथें लखलखीत आकाश व काळाकुट्ट दगड एकमेकांस भिडतात, तेथें हें अनुमान चुकण्याचा संभव अधिक. त्यांतच आकाशाचा प्रकाश संवेदकाच्या मोजमापाबाहेर गेला, म्हणजे एरवीं क्षीण असणारें जांभळें वलयहि ठळक होऊन बसतें. पर्णहीन फांद्या, विजेच्या तारा, शिखरावरचा कळस, पाण्यावर चमकणारें ऊन, अशा ठिकाणीं ही जांभळी किनार हमखास भेटते, तें याच कारणानें.

मनुष्याच्या डोळ्यांतील भिंगहि या दोषापासून मुक्त नाहीं. दृश्य प्रकाशाच्या दोन टोकांमध्यें डोळ्याच्या शक्तींत सुमारे दोन डायॉप्टरचा फरक पडतो. चष्म्याच्या नंबरावरून विचार केल्यास हा फरक लहान नव्हे. परंतु मेंदूला त्याची जन्मापासून संवय असते व तो ती किनार जाणिवेपर्यंत पोहोंचूं देत नाहीं. कॅमेऱ्याजवळ असा मेंदू नाहीं. तो पाहिलें तें सारें नोंदवितो, आणि म्हणूनच मंदिरापुढें उभें असतां जें दिसलें नाहीं, तें घरीं पडद्यावर दिसतें.

दुर्बिणी बनविणारांना हा शत्रु छायाचित्रणाचा जन्म होण्याच्या फार पूर्वींच भेटला होता. भिंगाच्या रुंदीच्या मानानें केंद्रांतर जितकें मोठें, तितकी किनार कमी जाणवते, हें अनुभवानें कळल्यामुळें सतराव्या शतकांत दुर्बिणी लांबच लांब होत गेल्या. डान्झिग येथील हेवेलियसनें तर सुमारे दीडशें फूट लांबीची दुर्बीण उभारली. कांचेच्या भिंगाला या दोषांतून सुटकाच नाहीं अशी न्यूटनची समजूत झाली, आणि त्यानें १६६८ सालीं भिंगाऐवजीं आरसा वापरून जेमतेम सहा इंच लांबीची दुर्बीण केली. आरसा किरणांना कांचेंतून नेत नाहीं, परत फिरवितो. व परत फिरतांना सर्व रंग सारख्याच कोनानें फिरतात. त्याची युक्ति उत्तम होती, पण निष्कर्ष चुकीचा होता. १७३० च्या सुमारास चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलानें क्राउन कांचेच्या बहिर्गोल भिंगास फ्लिंट कांचेचें अंतर्गोल भिंग जोडलें. फ्लिंट कांच किरणांना वळविते त्या मानानें रंगांना अधिक फांकविते. त्यामुळें एका भिंगानें फांकविलेले रंग दुसरें भिंग पुन्हां जवळ आणतें आणि किरणांना एकत्र आणण्याची शक्ति मात्र शिल्लक उरते. जॉन डॉलंड यानें १७५८ सालीं या जोडभिंगाचें पेटंट मिळविलें. पुढें १८८६ सालीं येना येथें अर्न्स्ट ॲबे यांनीं नव्या कांचा व फ्लुओराइट नांवाचें खनिज वापरून तीन रंग एकत्र आणणारीं सूक्ष्मदर्शकाचीं भिंगें सिद्ध केलीं. महागड्या कॅमेऱ्याच्या नळींत आज एकाआड एक दहा-पंधरा भिंगें बसविलेलीं असतात, तीं कांहीं अंशीं याच परंपरेंतील आहेत. तरीहि दोन किंवा तीन रंग एका बिंदूवर आणले, म्हणजे उरलेले सर्व आपोआप तेथें येतात असें नाहीं. टोकाचा जांभळा रंग बहुधा पंक्तीबाहेरच राहतो.

कोणते रंग जुळवावयाचे, हें चित्र कोण पाहणार यावर ठरतें. याचें एक उदाहरण हिंगोलीच्या पूर्वेतिहासाला लागूनच आहे. हिंगोली जिल्हा १९९९ सालीं परभणीतून निराळा झाला. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानाच्या राजधानींत नवाब जफर जंग यांनीं १९०१ सालीं निजामिया वेधशाळा स्थापिली व १९०८ सालीं ती निजाम सरकारच्या ताब्यांत आली. तेथें पंधरा इंची मोठी दुर्बीण होती व ताऱ्यांचीं छायाचित्रें घेण्यासाठीं आठ इंची निराळी दुर्बीण होती. सर्व आकाशाचा छायाचित्रमय नकाशा करण्याचें जें आंतरराष्ट्रीय कार्य १८८७ सालीं पॅरिस येथें ठरलें, त्यांतील खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादकडे आला होता. डोळा लावून पाहावयाच्या दुर्बिणींत पिवळे-हिरवे किरण जुळवीत, कारण डोळ्याला तेच अधिक तेजस्वी दिसतात. छायाचित्रणाच्या दुर्बिणींत निळे-जांभळे जुळवीत, कारण त्या काळच्या कांचेच्या प्लेटांना मुख्यतः तेच दिसत. एका कामाचें भिंग दुसऱ्या कामाला धूसर ठरे. आजच्या संवेदकाची अडचण अशी कीं, त्याला तांबडा, हिरवा व निळा हे तिन्ही रंग एकाच क्षणीं व सारखेच रेखीव हवे असतात. एकाला सांभाळून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची सवलत त्याला नाहीं.

आतां उपायांकडे वळतां येईल. उपाय करण्यापूर्वीं निदान झालें पाहिजे, आणि तें कठीण नाहीं. छायाचित्र पूर्ण आकारांत उघडून कोपऱ्यांतील एखादी गडद वस्तु पाहावी. मध्याकडील कडेला एक रंग व बाहेरील कडेला त्याचा विरोधी रंग दिसला, आणि मध्यभागीं येतां येतां दोन्ही लोपले, तर तो आकारभेदाचा दोष समजावा. वस्तूच्या सर्व बाजूंस एकच जांभळी किंवा एकच हिरवी किनार असली व ती मध्यभागींहि दिसली, तर तो अंतरभेदाचा दोष. आणि जांभळी किनार केवळ लखलखीत उजेडाला लागलेल्या कडांवरच असली, तर अतिप्रकाशाचा त्यांत मोठा वांटा आहे असें मानावें.

अतिप्रकाशावरचा उपाय पैसे न लागणारा आहे. काळ्या दगडामागें दुपारचें आकाश येऊं न देतां दोन पावलें बाजूला सरकून भिंत किंवा झाडी मागें घ्यावी. सकाळचा किंवा सायंकाळचा तिरपा उजेड निवडावा. आणि आकाश टाळतांच येत नसेल, तर प्रकाशाचें मान एका पायरीनें कमी ठेवावें. अंतरभेदाला भिंगाचें छिद्र लहान करणें हा रामबाण नसला तरी उत्तम उपाय आहे. एफ/१.८ ऐवजीं एफ/५.६ किंवा एफ/८ ठेवल्यास किरणांचा शंकु निमुळता होतो व पसरट वलय आकसतें. हेवेलियसच्या दीडशें फुटी दुर्बिणीचें जें तत्त्व, तेंच येथें बोटाच्या एका फिरकीनें साधतें. परंतु छिद्र फारच लहान केलें, एफ/१६ च्याहि पलीकडे नेलें, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळें सारेंच चित्र मऊ पडूं लागतें. आकारभेदावर मात्र छिद्र लहान करून फारसा गुण येत नाहीं. तेथें मुख्य वस्तु मध्याजवळ ठेवून भोंवतीं थोडी जागा सोडावी व पुढें कडा कापून टाकाव्यात; झूम भिंग असल्यास त्याच्या दोन्ही टोकांऐवजीं मधला भाग वापरावा. मोबाइलमध्यें छिद्र बहुधा बदलतां येत नाहीं. तेथें अतिविस्तृत दृश्याचें भिंग टाळून मुख्य भिंग वापरणें आणि पडद्यावर बोट ठेवून उजेड कमी करणें, एवढें हातीं राहतें.

चित्र घेतल्यानंतर संगणकाची मदत मिळते. आकारभेदाचा दोष संगणक सहज काढतो, कारण तिन्ही रंगांचीं चित्रें त्याच्याजवळ निरनिराळीं असतात. एकाला किंचित लहान व दुसऱ्याला किंचित मोठें केलें कीं कडा जुळतात. हें काम पुष्कळ कॅमेरे व मोबाइल स्वतःच उरकून घेतात. लाइटरूमसारख्या विकतच्या किंवा डार्कटेबलसारख्या विनामूल्य प्रणालींत त्यासाठीं निराळी सोय असते, आणि छायाचित्र रॉ स्वरूपांत जपलें असेल तर दुरुस्ती अधिक स्वच्छ होते. जांभळी व हिरवी किनार घालविण्याची रीत निराळी आहे. तेथें संगणक जुळवाजुळव करीत नाहीं. कडेवर दिसणाऱ्या विशिष्ट रंगाला फिकें करतो. म्हणून आधीं आकारभेद काढावा, मग उरलेल्या किनारीकडे वळावें, आणि तीहि शक्यतों त्या कडेपुरतीच पुसावी.

येथेंच सावधगिरीची खरी गरज आहे. हिरवी किंवा जांभळी छटा सरसकट फिकी केली, तर यात्रेकरू स्त्रीच्या जांभळ्या लुगड्याचा कांठ, निवडुंगाचें फूल, दगडावरच्या शेवाळाची हिरवी झांक, यांचेंहि पाणी उतरतें. कारण यंत्राला किनार व कांठ यांतील भेद कळत नाहीं. रंग खरा कीं आभासी, याची कसोटी सोपी आहे. तीच वस्तु एकदां चित्राच्या कडेला व एकदां मध्यभागीं ठेवून, लहान छिद्रानें व मऊ उजेडांत, दोन छायाचित्रें घ्यावींत. खरा शेंदूर दोहोंतहि आपल्या जागीं राहील. भिंगाचा रंग जागा बदलील किंवा नाहींसा होईल. शिल्पाची नोंद करावयाची असेल, तर मूळ चित्र न बदलतां जपून ठेवावें व दुरुस्तीची प्रत निराळी करावी. केवळ कोरीव काम स्पष्ट दिसणें पुरेसें असेल, तर तिन्ही रंगांपैकीं फक्त हिरव्या रंगाचें चित्र काळ्या-पांढऱ्यांत घ्यावें. संवेदकाचे निम्मे भाग त्याच रंगाचे असल्यामुळें व त्यांत इतर रंगांचें वलय मिसळत नसल्यामुळें तें बहुधा सर्वांत रेखीव निघतें.

याच हिंगोली जिल्ह्यांत, औंढ्याजवळ दुधाळा गांवाच्या परिसरांत, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्याचें ठरलें आहे. भारत सरकारनें तिला २०१६ सालीं तत्त्वतः मान्यता दिली व २०२३ सालीं सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. तिच्या काटकोनांत असणाऱ्या दोन भुजा प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या राहतील व त्यांतून १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा लेझरकिरण आरशांमध्यें ये-जा करील. तेथें रंगीत किनारीचा प्रश्नच उपस्थित होत नाहीं, कारण वापरावयाचा रंग एकच आहे. मंदिराच्या अंगणांत उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला ही सोय नाहीं. त्याला काळा दगड, फिकट शिखर, निळें आकाश आणि कपाळावरचें कुंकू हें सारें एकदम हवें असतें. भिंग या सर्वांना एकाच ठिकाणीं आणावयाचा प्रयत्न करतें आणि थोडें कमी पडतें. तें कोठें व किती कमी पडतें, एवढें ज्यानें ओळखलें, त्याच्या छायाचित्रांतील रंगावर पुढच्या पिढीला विश्वास ठेवतां येईल.